लशीचा अर्थ सांगणारे एक लसीकरण केंद्र

परळ आणि लालबाग यांच्या दरम्यानच्या जुन्या वस्तीत लहान मुलांसाठी जे मोफत सार्वजनिक लसीकरण केंद्र चालते, त्याच्या सेवेविषयी मी लिहीत आहे. माझ्या नातीच्या लशी याच केंद्रात झाल्या आणि सुनेच्या सोबतीला बहुतेक वेळा मी असे. माझे मत आधीच सांगते. लस जपण्याची शिस्त, सुई टोचणारा हात आणि पालकांना समजावून सांगण्याची तयारी या तिन्ही बाबतींत हे केंद्र उत्तम आहे. बसण्याची सोय आणि लशींच्या वारांची माहिती या बाबतींत मात्र ते कमी पडते. समजावून सांगण्याच्या बाजूवर मी अधिक लिहिणार आहे, कारण मुलाचे लसीकरण एका दिवसात उरकत नाही. ते जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने चालते, आणि आधीची सुई कशासाठी होती हे ज्या आईला कळते ती पुढच्या सुईसाठी न बोलावता येते, असे मी तेथे पाहिले आहे.

व्यवस्था साधी आहे. सकाळी वऱ्हांड्यात नंबर लावायचा, आरोग्यसेविका बाळाची जन्मतारीख आणि आईचा मोबाईल नंबर विचारून यू-विन या सरकारी पोर्टलवर नोंद करते, मग वजन होते आणि त्यानंतर पडद्याआडच्या खोलीत सिस्टरांकडे जायचे. दारावर दोन पाट्या आहेत. वरची जुनी, रंग उडालेली, तिच्यावर ‘इनॉक्युलेशन रूम’ असे लिहिले आहे. खालची नवी, तिच्यावर ‘लसीकरण कक्ष’. रांगेत मात्र या दोन्हींपैकी एकही शब्द फारसा ऐकू येत नाही. मराठी बायका ‘बाळाला टोचायला आणलंय’ म्हणतात, उत्तरेकडच्या ‘टीका लगवाने’ आलेल्या असतात, गुजराती आजी ‘रसी’ म्हणतात, आणि कामावर जाण्याची घाई असलेले तरुण वडील ‘आज डोस आहे’ एवढेच सांगतात.

आतल्या खोलीत पहिल्यांदा नजर जाते ती निळ्या पेटीकडे. तिच्यात चार बाजूंना बर्फाचे पॅक आणि मध्ये लशींच्या कुप्या असतात. लशी साधारणपणे दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पोलिओच्या थेंबांना उष्णता सोसत नाही, तर पाच रोगांवरच्या पेंटासारखी लस गोठली तर निकामी होते. कुपी उचलली की सिस्टर आधी तिच्यावरची तारीख वाचतात आणि मग तिच्यावरचा एक लहानसा गोल निरखतात. त्या गोलाच्या आत एक फिकट चौकोन छापलेला असतो. कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो चौकोन गडद होत जातो आणि बाहेरच्या गोलाच्या रंगाला येऊन मिळाला की ती कुपी वापरायची नाही, असा नियम आहे. माझ्या सुनेने त्याविषयी विचारले तेव्हा सिस्टरांनी कुपी तिच्या हाताजवळ धरून तो चौकोन दाखवला आणि म्हणाल्या, “हा पांढरा दिसतोय ना, तोवर काळजी नाही. तुम्हीही बघत जा, आम्हाला विचारत जा.” पालकांनी आपल्यावर लक्ष ठेवावे असे स्वतः होऊन सांगणारी माणसे आरोग्यसेवेत असावीत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

क्षयरोगावरची बीसीजी लस टोचणे हे या खोलीतील सर्वांत नाजूक काम असावे. ती स्नायूत नव्हे, कातडीच्या आतच द्यायची असते. एक महिन्याच्या आतील बाळाला तिचा डोस फक्त ०.०५ मिलिलिटर असतो, त्याहून मोठ्या बाळाला ०.१ मिलिलिटर. सिस्टरांनी बाळाचा डावा दंड दोन बोटांनी ताणून धरला, सुई जवळजवळ आडवी ठेवून तिचे छिद्र वर राहील अशी अगदी किंचित आत सरकवली आणि दट्ट्या सावकाश दाबला. पाहता पाहता कातडीवर मसुरीएवढा पांढुरका फुगवटा उठला, त्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रे दिसली. आई घाबरून म्हणाली, “फुगलं का हो सिस्टर?” त्यावर त्यांनी सांगितले की असे फुगले म्हणजेच लस योग्य जागी बसली, फुगवटा थोड्या वेळाने आपोआप जिरेल. पुढे त्या म्हणाल्या, “दोन-तीन आठवड्यांनी इथे गाठ येईल, ती पिकेल, फुटेल, थोडी लस येईल. काही लावायचं नाही, हळद नाही, मलम नाही, शेकायचं नाही.”

त्या आईने विचारले, “लस येईल म्हणजे? लस तर तुम्ही आत्ता दिलीत.”

हा प्रश्न अगदी रास्त होता आणि सिस्टरांनी तो हसण्यावारी नेला नाही. जखमेतून किंवा फोडातून जे पातळ चिकट पाणी झिरपते त्यालाही आपल्याकडे लसच म्हणतात, हे त्यांनी तिला सांगितले, आणि तसे पाणी आले म्हणजे लस बाहेर पडून वाया गेली असे समजू नका, हेही सांगितले. हे सांगणे किती आवश्यक होते ते रांगेतल्या बायकांचे बोलणे ऐकले की कळते. बीसीजीची गाठ फुटली म्हणून बाळाला घेऊन धावत डॉक्टरकडे गेलेल्या, त्यावर हळदीचा लेप लावलेल्या, आणि सुई खराब होती असे समजून पुढची लस टाळू पाहणाऱ्या आया मला त्या वऱ्हांड्यात भेटल्या आहेत.

औषधाला आणि जखमेतल्या पाण्याला एकच नाव कसे, याचे उत्तर देवीच्या रोगाच्या इतिहासात आहे. कातडीखालच्या त्या द्रवाला आपल्या जुन्या वैद्यकात लसीका म्हटले आहे. चरकसंहितेत त्वचेच्या आतील आणि व्रणातून दिसणाऱ्या पाण्याला हेच नाव आहे. इंग्लंडमध्ये १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरील फोडातले असे पाणी घेऊन जेम्स फिप्स या मुलाच्या दंडावर टोचले. गवळणीला तो फोड गायीच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य देवींमुळे आला होता. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचे पाणी टोचूनही देवी आल्या नाहीत. लॅटिन भाषेत गायीला ‘वाक्का’ म्हणतात, त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द आला, आणि नंतर लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये जेन्नर यांच्या सन्मानार्थ तो शब्द सर्वच प्रतिबंधक लशींना लावावा असे सुचवले. आज व्हॅक्सिनचा गायीशी संबंध उरलेला नाही, तरी नावात ती गाय आहे.

देवीची ही लस हिंदुस्थानात प्रथम मुंबईतच लागू पडली, ही गोष्ट मुंबईच्या प्रत्येक लसीकरण केंद्राच्या भिंतीवर लिहावी अशी आहे. त्या काळी शीतपेटी नव्हती आणि दोऱ्यावर वाळवून पाठवलेली लस उष्ण प्रदेशातल्या लांबच्या प्रवासात निरुपयोगी होई. म्हणून ती बगदाद आणि बसरामार्गे माणसांच्या दंडांवरून पुढे आणण्यात आली: एकाला टोचायचे, त्याला फोड आला की त्यातली लस काढून दुसऱ्याला टोचायची, असे करत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिलेली लस यशस्वी झाली आणि तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुढे इतर मुलांना टोचून मुंबईबाहेर पोहोचवण्यात आली. टोचायचे द्रव्य हे त्या काळी खरोखरच फोडातली लस होते, म्हणून मराठीत औषधालाही तेच नाव राहिले. गुजरातीतही तसेच झाले आहे. तेथे ‘रसी’ म्हणजे पू आणि रसी म्हणजेच लस. हिंदीतला ‘टीका’ मात्र टिळ्याशी, अंगावरच्या खुणेशी नाते सांगतो. आपल्या आजीच्या पिढीत ‘देवी काढणे’ हाच वाक्प्रचार होता, आणि सत्तरीच्या बाईच्या दंडावर देवीचे गोल खोलगट व्रण अजून दिसतात. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवीच्या रोगाची देवता मानलेल्या शितलादेवीच्या माहीमच्या देवळात लोक आजही जातात, परंतु ज्या भीतीने पूर्वी जात असत ती भीती या लशीने घालवली.

दारावरच्या जुन्या पाटीवरचा शब्दही येथे समजून घेण्यासारखा आहे. ‘इनॉक्युलेशन’ या शब्दात ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा आहे, आणि हा डोळा झाडाचा, म्हणजे फांदीवरच्या कोंबाचा आहे. एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत चीर देऊन बसवायचा, या कामाला रोमन लोक हा शब्द वापरत. संत्री, मोसंबी आणि गुलाबाची कलमे करणारे आपले माळी याच कामाला ‘डोळा भरणे’ म्हणतात. पुढे अठराव्या शतकात कातडीत चीर देऊन देवीचे पाणी भरण्याच्या क्रियेला इंग्रजीत हे नाव मिळाले. मुंबईच्या तोंडी तो शब्द रुळला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. त्या संस्थेपासून जवळच्या वस्तीत राहणाऱ्या आयांना ‘इनॉक्युलेशन रूम’ ही पाटी परकी वाटावी, याचे मला वाईट वाटते. नवी पाटी लावताना जुनी काढली नाही हे चांगले झाले. तिच्याखाली दोन ओळी मराठीत लिहिल्या तर ती अधिक उपयोगी पडेल.

आता लसीकरणाच्या कार्डाविषयी. बाळ सहा आठवड्यांचे झाले की कार्डावर एका रांगेत पेंटा-१, ओपीव्ही-१, आरव्हीव्ही-१, एफआयपीव्ही-१ आणि पीसीव्ही-१ अशा खुणा होतात. अक्षरे देवनागरी आहेत, पण त्यांतून कोणत्याही आईला काहीही कळत नाही. या केंद्रातील सिस्टरांचे मोठेपण असे की त्या प्रत्येक नाव उलगडून सांगतात. पेंटा म्हणजे पाच. या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाचांपासून संरक्षण आहे. माझ्या मुलांच्या वेळी यांपैकी पहिल्या तिघांचीच लस होती आणि तिला ‘त्रिगुणी’ म्हणत; हे मी बोलले तेव्हा सिस्टरांनी तोच धागा धरून शेजारच्या आईला सांगितले की आजींच्या वेळी तीन होत्या, आता पाच झाल्या. आरव्हीव्ही म्हणजे रोटा विषाणूची लस. रोटा म्हणजे लॅटिनमध्ये चाक, कारण तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली चाकासारखा दिसतो. पालकांना सांगताना त्या अर्थातच ‘जुलाबाची लस’ एवढेच म्हणतात आणि तेच योग्य आहे. बीसीजीच्या तीन अक्षरांत काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांची नावे आहेत, ज्यांनी क्षयाच्या जंतूला तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केले आणि १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली.

सहा आठवड्यांच्या या भेटीत बाळाला तोंडावाटे दोन लशी (पोलिओचे थेंब म्हणजे ओपीव्ही, आणि जुलाबाची आरव्हीव्ही) आणि तीन सुया मिळतात: डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची एफआयपीव्ही. आईचे काळीज हलते ते येथेच. माझी नात पहिल्या सुईला ओठ मुडपून थांबली आणि दुसऱ्या सुईला तिने आकांत केला. “आई, तुम्ही तिच्याकडे बघा, माझ्याकडे नको,” असे सुनेला सांगत सिस्टरांनी तिसरी सुई संपवलीसुद्धा. त्यांच्या हाताला असलेला हा वेग घाईचा नाही, सरावाचा आहे. सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या पुन्हा मागे येत नाही, आणि ती कटरमध्ये टाकल्याशिवाय त्या पुढच्या बाळाला हात लावत नाहीत.

येथे ‘पेनलेस’ या शब्दाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो या वस्तीतही पोहोचला आहे. खासगी दवाखान्यांत डांग्या खोकल्याची जी ‘पेनलेस’ लस मिळते तिने ताप आणि सूज कमी येते, हे खरे आहे. परंतु सुई तीही टोचतेच. सरकारी लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू पूर्ण स्वरूपात असतात, दुसरीत त्यांचे निवडक अंशच असतात, आणि पूर्ण जंतूंच्या लशीने मिळणारे संरक्षण अधिक काळ टिकते. एका तरुण वडिलांनी बऱ्याच संकोचाने विचारले की पैसे नाहीत म्हणून आपण बाळाला हलक्या दर्जाची लस देत आहोत का. सिस्टरांनी त्यांना बाजूला बसवून वरील फरक सोप्या शब्दांत सांगितला आणि ताप आला तर औषध किती द्यायचे ते वजनानुसार लिहून दिले. त्या गृहस्थांचा चेहरा निवळलेला मी पाहिला. फुकट मिळते ते कमी प्रतीचे असते, हा समज या शहरात फार खोल आहे आणि तो काढायला अशीच माणसे लागतात.

लस दिल्यानंतर पालकांना चार गोष्टी सांगाव्यात असा नियम आहे: कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणावे. गर्दीच्या दिवशीही येथे पहिल्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. चौथी मात्र घाईत राहून जाते, आणि त्यामुळे कार्ड गावी विसरून आलेल्या, पावसात भिजवलेल्या किंवा भाड्याची खोली बदलताना हरवलेल्या आया वारंवार दिसतात. मुंबईत घर बदलणे आणि बाळंतपणाला गावी जाणे हे नित्याचेच असल्यामुळे या चौथ्या गोष्टीवर खरे तर सर्वांत अधिक भर हवा.

केंद्राविषयी माझी मुख्य तक्रार वारांची आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी कोरड्या भुकटीच्या रूपात येतात, द्रव घालून त्या तयार केल्या की चार तासांत वापराव्या लागतात, उरलेल्या फेकाव्या लागतात. बीसीजीच्या एका कुपीत १० डोस असतात. त्यामुळे पुरेशी बाळे जमतील असे ठरावीक वार केंद्राने नेमले आहेत. कारण समजण्यासारखे आहे, पण ते वार कोठेही ठळकपणे लिहिलेले नाहीत. नऊ महिने पूर्ण झालेल्या मुलाला कडेवर घेऊन, एक दिवसाचा रोज बुडवून आलेली एक बाई ‘आज नाही, गुरुवारी या’ एवढे ऐकून परत गेली, आणि पुढच्या गुरुवारी ती आली की नाही हे मला ठाऊक नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराची जी साथ पसरली आणि जीत लहान मुले दगावली, ती आठवली की असे एक परत पाठवणेही महागात पडू शकते हे ध्यानात येते. गोवर फार वेगाने पसरतो. नऊ महिन्यांचा पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा, असे दोन्ही डोस झाल्याशिवाय मूल सुरक्षित मानता येत नाही. एका मोठ्या फळ्यावर खडूने वार लिहिले तरी हे काम भागेल.

दुसरी तक्रार बसण्याची. लशीनंतर अर्धा तास तेथेच थांबायला सांगतात आणि ते बरोबरच आहे, कारण क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच वेळात दिसते. परंतु थांबायचे कोठे, याची सोय नाही. दोन बाके आहेत, तीही वजनकाट्याच्या रांगेने अडवलेली. बाळाला पाजायला आडोसा नाही. पावसाळ्यात वऱ्हांड्यात पाणी येते आणि मग बायका अर्धा तास थांबण्याऐवजी निघून जातात.

जाणाऱ्यांसाठी थोडे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत न्यावे, बाळाला दोन्ही मांड्या आणि दंड सहज उघडे करता येतील असे सुती कपडे घालावेत, आणि आधीच्या डोसनंतर ताप, सूज किंवा पुरळ आले असेल तर ते न विसरता सांगावे. साधी सर्दी असेल तर लस टाळू नये. बीसीजी किंवा गोवर-रुबेलासाठी जायचे असेल तर आदल्या दिवशी आरोग्यसेविकेला वार विचारून घ्यावा. कार्डावरच्या ज्या अक्षरांचा अर्थ कळत नाही तो सिस्टरांना खुशाल विचारावा. अकरानंतर गर्दी ओसरते आणि तेव्हा त्या अधिक निवांतपणे सांगतात.